वचन, रांग आणि यजमान

वसंतातल्या व्याख्यानांत इतिहास म्हटला की श्रोत्यांना राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत त्यात राजा नाही. लढाई आहे, पण ती कलमांची आणि पोटकलमांची. तह मात्र खराखुरा आहे, आणि तो होऊन फार वर्षे झालेली नाहीत. जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकभाषेत 'प्रॉमिस', म्हणजे वचन, नावाची एक वस्तू आहे. त्या वचनांतून जी कामे उत्पन्न होतात ती कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या हुकमाने व्हावीत, हा आजचा विषय. ऐकायला तो रुक्ष वाटेल. तथापि आपण मोबाइलवर रेल्वेचे तिकीट काढता, बँकेची शिल्लक पाहता, तेव्हा पडद्यामागे हीच रांग हलत असते. ती कोणी लावली, हे ठाऊक असणे नागरिकाला अगदीच परके नसावे.

प्रथम साधे उदाहरण घेऊ. गिरणीत दळण टाकायला आपण जातो. तिथे दोन मार्ग असतात. पीठ होईपर्यंत गिरणीच्या दारात उभे राहावे, हा एक. डबा ठेवून घरी यावे आणि 'झाले की निरोप पाठवा' असे सांगावे, हा दुसरा. शहाणा मनुष्य दुसरा मार्ग पत्करतो, कारण घरी इतर कामे पडलेली असतात. परंतु दुसरा मार्ग पत्करला की दोन प्रश्न उभे राहतात. निरोप आल्यावर करायचे काय, हा पहिला प्रश्न, आणि तो सोपा आहे. दुसरा अवघड. निरोप आला त्या क्षणी आपण जेवत असलो तर घास टाकून उठायचे का? आणि गिरणीचा, धोब्याचा व पोस्टमनचा असे तीन निरोप एकदम आले तर आधी कोणाचा घ्यायचा? आमच्या सबंध इतिहासाचे बीज या दुसऱ्या प्रश्नात आहे.

आता मूळ कथेकडे वळू. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना तयार केला. त्या वर्षाच्या डिसेंबरात जावास्क्रिप्ट या नावाने तिची घोषणा झाली. भाषा घाईत जन्मली, पण तिच्या स्वभावातली एक गोष्ट पुढे फार मोलाची ठरली. तिला एका वेळी एकच काम करता येते, आणि हाती घेतलेले काम ती संपवूनच पुढचे घेते. जेवताना ती घास टाकून उठत नाही. त्यामुळे ही भाषा लिहिणाऱ्याला आपल्या पाठीमागे कोणी माल हलवील ही धास्ती नसते.

दुसरी गोष्ट अशी की ही भाषा जन्मापासून पाहुणी आहे. स्वतःचे घर तिला नाही. नेटस्केपनेच ती एकीकडे ब्राउझरमध्ये बसवली आणि दुसरीकडे आपल्या सर्व्हरमध्येही बसवली. म्हणजे पहिल्या वर्ष-दीड वर्षातच तिला दोन यजमान लाभले. १९९६ मध्ये आइक यांनी तिचे इंजिन सी भाषेत नव्याने लिहिले. तेच पुढे स्पायडरमंकी या नावाने प्रसिद्ध झाले. १९९७ च्या जूनमध्ये एक्मा या मानक-संस्थेने भाषेची पहिली प्रमाणसंहिता काढली. तिच्यात प्रारंभीच मोकळी कबुली आहे: ही भाषा स्वयंपूर्ण नाही, बाहेरून माहिती घेण्याची किंवा बाहेर उत्तर देण्याची सोय तिच्यात नाही, ती यजमानाने करावी.

या कबुलीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. 'एवढ्या वेळाने अमुक कर' असे सांगणारा 'सेटटाइमआउट' हा शब्द जावास्क्रिप्ट लिहिणारा प्रत्येक जण वापरतो. तो भाषेचा आहे असेच बहुतेकांना वाटते. वस्तुतः तो भाषेचा नाही, यजमानाचा आहे. प्रमाणसंहितेत घड्याळ नव्हते आणि रांगही नव्हती. भाषेने फक्त हाती दिलेले काम संपवावे, आणि पुढचे काम केव्हा द्यायचे ते यजमानाने ठरवावे, अशी ही सरळ वाटणी होती. ती सुमारे अठरा वर्षे टिकली. मग भाषेत वचन आले.

वचनाची कल्पना जावास्क्रिप्टहून पुष्कळ जुनी आहे. १९७६ मध्ये डॅनियल फ्रीडमन व डेव्हिड वाइज या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी 'प्रॉमिस' हा शब्द या अर्थाने योजला. पुढच्याच वर्षी हेन्री बेकर व कार्ल हेविट यांनी त्याच जातीच्या वस्तूला 'फ्यूचर', म्हणजे भविष्य, असे नाव दिले. १९८८ मध्ये बार्बरा लिस्कोव्ह व ल्युबा श्रिरा यांनी वचनांवर एक निबंध लिहिला. दूरदूरच्या यंत्रांनी एकमेकांना कामे सांगावीत आणि उत्तराची वाट पाहत खोळंबून राहू नये, यासाठी भाषेतच सोय कशी करावी हे त्यात दाखवले होते. याच लिस्कोव्हबाईंना पुढे २००८ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

या कल्पनेत आहे काय? हुंडीचा व्यवहार ज्यांच्या घरात झाला असेल त्यांना ती चटकन समजेल. माल आज मिळालेला नाही, पण मिळण्याचा कागद हाती आहे. तो कागद जपून ठेवता येतो, दुसऱ्याला देता येतो, आणि 'हा वटला की असे कर, न वटला तर तसे कर' असे त्याच्या भरवशावर आधीच सांगून ठेवता येते. वचनाच्या अवस्था तीनच. ते प्रलंबित असते, पुरे होते, किंवा नाकारले जाते. एकदा पुरे झाले किंवा नाकारले गेले की त्यात पालट नाही.

१९९७ च्या सुमारास मार्क मिलर आणि त्यांचे सहकारी यांनी 'ई' नावाची भाषा रचली. तिच्यात वचन आणि 'एका वेळी एकच काम, तेही शेवटापर्यंत' हा नियम यांची सांगड घातलेली होती. हेच मिलर पुढे जावास्क्रिप्टच्या मानक-समितीवर आले. एका अल्पपरिचित भाषेतला विचार असा जगातल्या बहुतेक ब्राउझरांत शिरला. विचारांचा प्रवास कित्येकदा असाच माणसांच्या पायांनी होतो.

मधल्या काळात जावास्क्रिप्टमध्ये व्यवहार चालला होता तो निरोपाचा. प्रत्येक कामाबरोबर 'झाले की हे कर' असे एक फलन चिकटवून द्यायचे. त्याच्या पोटात दुसरे काम, दुसऱ्याच्या पोटात तिसरे. लिहिलेला मजकूर उजवीकडे सरकत सरकत कागदाबाहेर जाऊ लागला. शिवाय निरोप्यांचा भरवसा नव्हता. उत्तर जवळ तयार असेल तर एखादा निरोप्या तिथल्या तिथे हाक मारी आणि नसेल तर नंतर मारी. एकच ओळ कधी आधी चाले, कधी नंतर. अशा चुका शोधताना भल्याभल्यांनी रात्री घालवल्या आहेत.

२००९ मध्ये रायन डाल यांनी नोड ही रचना पुढे आणली. गूगलचे व्ही-८ हे इंजिन क्रोम ब्राउझरबरोबर २००८ मध्ये बाहेर आले होते. डाल यांनी ते उचलून ब्राउझरबाहेर एका नव्या घरात बसवले. जावास्क्रिप्टला हा फार मोठा यजमान मिळाला. मौज अशी की नोडमध्ये २००९ च्या जूनमध्ये वचने आली होती आणि २०१० च्या फेब्रुवारीत डाल यांनी ती काढून टाकली. बर्लिनच्या एका परिषदेत २०१८ मध्ये त्यांनी आपल्या पश्चात्तापांची यादी जाहीरपणे वाचली. तिच्यात ही गोष्ट होती. वचने तेव्हाच ठेवली असती तर सर्वांचा व्यवहार लवकर एका वळणावर आला असता, असे त्यांचे म्हणणे पडले. कर्त्या पुरुषाने भर सभेत आपल्या चुकांची यादी वाचावी ही गोष्ट कोणत्याही क्षेत्रात दुर्मिळ आहे, म्हणून ती इथे मुद्दाम नोंदवली.

अधिकृत संहिता गप्प होती, तेव्हा लोकांनीच आपसांत करार केला. २००९ मध्ये त्याचा पहिला मसुदा झाला, आणि २०१२ मध्ये 'प्रॉमिसेस ए प्लस' या नावाने तो सुधारून पक्का झाला. त्यात एक नियम आहे, आणि आमच्या मते सारे प्रकरण त्यावर उभे आहे. वचन जरी आधीच पुरे झालेले असले, तरी त्यावरची पुढची कृती ताबडतोब करायची नाही. चालू काम पुरते संपू द्यायचे, हात रिकामा होऊ द्यायचा, आणि मगच ती करायची. निरोप कधीही येवो, ताटावरून उठायचे नाही. निरोप्यांचा लहरीपणा या एका नियमाने संपला.

पण नियमाबरोबर एक नवी जबाबदारी आली. 'मगच' म्हणजे नक्की केव्हा? चालू काम संपल्यावर कोणीतरी रांगेकडे पाहिले पाहिजे आणि पहिल्याला हाक मारली पाहिजे. हा कोणीतरी कोण?

२०१५ च्या जूनमध्ये संहितेची सहावी आवृत्ती निघाली. तिच्यात वचने अधिकृतपणे भाषेत आली, आणि त्यांच्याबरोबर रांगही आली. समितीने लिहिले की भाषेच्या पोटात कामांच्या रांगा असतील. एक लेख व विभाग चालवण्याच्या कामांची आणि एक वचनांतून निघालेल्या कामांची. प्रत्येक रांगेत जो आधी आला तो आधी सुटेल. मात्र दोन रांगांपैकी आधी कोणती हलवायची, याविषयी संहितेने काहीच सांगितले नाही.

इकडे ब्राउझरांच्या घरात आधीच एक रांग होती. तिचे कुळ निराळे होते. पानावरचा मजकूर बदलला की कळवणारे पहारेकरी २०१२ च्या सुमारास ब्राउझरांत आले. प्रत्येक बदलाबरोबर ओरडा करायचा नाही, चालू काम संपताच सगळे एकदम सांगायचे, अशी त्यांची रीत होती. त्यासाठी एचटीएमएलच्या संहितेत 'मायक्रोटास्क', म्हणजे सूक्ष्मकामे, यांची रांग योजलेली होती. चालू काम संपले की आधी ही सूक्ष्म रांग पूर्ण रिकामी करावी, आणि मगच टाइमर, टिचकी यांसारखी मोठी कामे घ्यावीत, हा तिचा नियम.

आता पेच पाहा. वचनांच्या कामांसाठी भाषेच्या संहितेने एक रांग सांगितली आणि घराच्या संहितेत दुसरी होती. एकाच घरात दोन कारभारी झाले. २०१५ मध्ये एक छोटासा लेख निरनिराळ्या ब्राउझरांत चालवून पाहिला गेला. त्यात शून्य वेळाचा एक टाइमर लावलेला होता आणि एक पुरे झालेले वचन होते. काही ब्राउझरांनी वचनाचे काम आधी केले, काहींनी टाइमरचे. मजकूर एकच, भाषा एकच, आणि उत्तरे दोन! सर्वांच्या घरी सारखे बोलणार या विश्वासावर जी भाषा पसरली, तिच्याविषयी हा साधा दोष नव्हता. भाषेच्या पतीचाच तो प्रश्न होता.

एचटीएमएलच्या संहितेने मग काय केले? तिने स्पष्ट लिहिले की भाषेच्या संहितेतली काम रांगेत घालण्याची व्याख्या ब्राउझरांनी पाळू नये, त्याऐवजी आमची पाळावी, म्हणजे वचनांची कामे सूक्ष्म रांगेत नीट बसतील. एका कायद्याने दुसऱ्या कायद्याचे कलम बाजूला ठेवायला सांगावे, असा हा प्रसंग. भांडण झाले नाही, कारण दोन्हीकडची माणसे एकमेकांना ओळखत होती आणि घरातली अडचण सर्वांना दिसत होती. पण कागदावर विसंगती राहिली ती राहिलीच.

ती मिटली २०२० च्या आवृत्तीत. हाच आम्ही प्रारंभी सांगितलेला तह. समितीने आपल्या संहितेतून रांगाच काढून टाकल्या. त्याऐवजी एक खुंटी ठोकली. तिचे नाव 'होस्ट एन्क्यू प्रॉमिस जॉब'. मराठीत सांगायचे तर 'यजमानाने वचनाचे काम रांगेस लावावे'. वचन पुरे झाले की भाषेचे इंजिन त्यातून निघणारे काम तयार करते आणि यजमानाच्या हाती देते. रांग कुठे ठेवायची, केव्हा हलवायची, ते यजमान पाहील.

मात्र समितीने सगळेच सोडून दिले असे नाही. यजमानावर तिने तीन अटी घातल्या. हात रिकामा असेल तेव्हाच काम सुरू करावे. सुरू केलेले काम पुरे होईपर्यंत त्याच जातीचे दुसरे काम मध्ये घुसवू नये. आणि वचनांची कामे ज्या क्रमाने हाती आली त्याच क्रमाने चालवावीत. म्हणजे वेळ यजमानाची, क्रम मात्र भाषेचा. आमच्या मते सारे शहाणपण या वाटणीत आहे. वेळ ज्याच्या त्याच्या घरावर अवलंबून असते, ती बाहेरून ठरवता येत नाही. क्रम बदलला तर मात्र लेखाचा अर्थ बदलतो, आणि तो कोणाच्याही घरी बदलता उपयोगी नाही.

आता हे अधिकार यजमान प्रत्यक्षात कसे वापरतात ते पाहू. व्ही-८ इंजिन यजमानाला तीन रीती देते. पहिली आपोआपची: भाषेतली सर्वांत बाहेरची हाक संपली की इंजिन स्वतःच रांग रिकामी करते. दुसरी सीमेची: यजमान एक हद्द आखतो आणि ती ओलांडताना रांग हलते. तिसरी स्पष्ट हुकमाची: यजमानाने सांगितल्याशिवाय काहीच हलत नाही. नोडने ही तिसरी रीत घेतली आहे, कारण त्याला वचनांच्या आधी स्वतःची आणखी एक रांग संपवायची असते. तिचे नाव 'नेक्स्ट टिक', म्हणजे पुढचा ठोका. तिच्या जोडीला नोडमध्ये 'सेट इमीजिएट', म्हणजे ताबडतोब, अशीही एक सोय आहे. गंमत अशी की 'पुढचा ठोका' हा 'ताबडतोब'च्या आधी वाजतो! ही नावे खरे तर उलटी हवी होती, असे नोडच्या अधिकृत माहितीतच म्हटले आहे. पण एव्हाना असंख्य लेख त्यांवर उभे राहिलेले, तेव्हा आता बदल नाही. रूढीचे बळ संगणकातही कमी नसते.

नोडने एक बदल मात्र धैर्याने केला. पूर्वी अनेक टाइमर एकदम पिकले तर नोड ते सगळे ओळीने चालवी आणि मग वचनांच्या रांगेकडे पाही. ब्राउझर प्रत्येक टाइमरनंतर पाहतात. २०१८ च्या ऑक्टोबरात निघालेल्या अकराव्या आवृत्तीपासून नोडनेही ब्राउझरांची रीत उचलली. अशा बदलाने काही जुने लेख दुखावतात, परंतु दोन घरांत एकच भाषा एकसारखी चालावी हा लाभ मोठा आहे.

स्पायडरमंकीची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. या इंजिनात यजमान स्वतःची रांग लिहून बसवू शकतो. गनोम या डेस्कटॉपच्या जावास्क्रिप्टला हेच इंजिन आहे. तिथे वचनांची कामे डेस्कटॉपच्या स्वतःच्या मुख्य फेऱ्यातून सोडली जातात. त्या घरात खिडक्या, कळफलक आणि वचने या सर्वांची वर्दी त्या एकाच फेऱ्याला लागते.

याच इंजिनात दोष शोधणाऱ्या तपासनिसाची एक अडचण निघाली. लेख मध्येच थांबवून तपासनीस आत डोकावतो. तपासनीसही जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेला असतो आणि तोही वचने वापरतो. त्याने आपली वचने पुरी करण्यासाठी रांग हलवली, आणि त्याच रांगेत थांबवलेल्या लेखाची कामे असली, तर ती अर्धवट जेवणाच्या मध्येच सुटतील. म्हणजे तपासासाठी आलेल्यानेच घरातला नियम मोडल्यासारखे होईल. यावर उपाय म्हणून तपासनीस आत असेपर्यंत लेखाची रांग गुंडाळून बाजूला ठेवायची, तपासनिसाला कोरी रांग द्यायची, आणि तो गेला की जुनी पुन्हा मांडायची, अशी व्यवस्था यजमानाच्या रांगेतच केलेली आहे. रांग यजमानाच्या हाती असण्याचा उपयोग इथे दिसून येतो.

लहान इंजिनांत ही गोष्ट आणखी उघडी असते. फाब्रिस बेलार व चार्ली गॉर्डन यांचे क्विकजेएस हे इंजिन २०१९ च्या जुलैत प्रसिद्ध झाले. आटोपशीर, सी भाषेत लिहिलेले, कोणत्याही कार्यक्रमाच्या पोटात बसवता येणारे. त्यात यजमानाने 'रांगेतले एक काम चालव' असे सांगायचे असते. काम चालले, काम नव्हते, की कामात घोटाळा झाला, हे ते उत्तरात कळवते. रस्ट भाषेतल्या बोआ या इंजिनात साधी तयार रांग मिळते, आणि हवी तर यजमानाने आपली लिहून द्यावी अशी मुभाही आहे.

इथे आमचीच एक फजिती सांगितल्यावाचून राहवत नाही. असेच एक छोटे इंजिन आम्ही एकदा आमच्या एका हिशेबाच्या कार्यक्रमात बसवले. लेख चालला, चूक काही दाखवली गेली नाही, आणि कागदावर अक्षरही उमटले नाही. तीन दिवस आम्ही लेख तपासत होतो, आणि लेख निर्दोष होता. वचने सगळी पुरी झालेली होती, त्यांची कामे शिस्तीने रांगेत उभी होती, आणि पहिल्याला हाक मारण्याचे यजमानाचे काम आम्ही विसरलो होतो. इंजिनाने दोष दाखवावा तरी कसा? त्याने आपला वाटा चोख केला होता. यजमानपद घेणे म्हणजे काय, हे आम्हांला त्या दिवशी समजले.

एवंच, रांग हाती घेणाऱ्याला सावध राहावे लागते ते या गोष्टींबाबत. पहिली, विसरणे. ती सांगितलीच. दुसरी, अखंड रांग. एका वचनाचे काम दुसरे वचन निर्माण करते, दुसरे तिसरे, आणि रांग पूर्ण रिकामी झाल्याखेरीज पुढे जायचे नाही असा नियम असेल तर टाइमर आणि टिचक्या यांची पाळीच येत नाही. पान गोठते. नियमात अशा लेखाला बंदी नाही. यजमानाला हवे तर तो दर फेरीत ठरावीकच कामे सोडू शकतो, पण तसे केले तर आपले घर इतरांपासून किती वेगळे होईल हा विचार त्याने आधी करायचा असतो.

तिसरी गोष्ट नाकारलेल्या वचनांची. वचन नाकारले गेले आणि त्याची कोणीच दखल घेतली नाही तर काय करावे? त्याचीही एक खुंटी संहितेने यजमानासाठी ठेवली आहे. पुष्कळ वर्षे नोड अशा वेळी नुसता इशारा छापून पुढे जाई. २०२० च्या ऑक्टोबरातल्या पंधराव्या आवृत्तीपासून तो कार्यक्रमच थांबवतो. न वटलेली हुंडी वहीत तशीच पडू द्यायची नाही, हा निर्णय कडक खरा, पण प्रामाणिक आहे.

आणि एक घर असे आहे की तिथे क्रमावरच सारे अवलंबून. मार्क मिलर ज्या अगोरिक संस्थेच्या संस्थापकांपैकी आहेत, तिथे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले आर्थिक करार अनेक यंत्रांवर एकाच वेळी चालतात आणि सर्वांचे उत्तर तंतोतंत एक यावे लागते. त्यासाठी एक्सएस नावाचे छोटे इंजिन घेतलेले आहे. एक निरोप आत सोडायचा, त्यातून निघालेली वचनांची रांग पार संपू द्यायची, आणि मगच पुढचा निरोप घ्यायचा, अशी तिथली शिस्त. दोन यंत्रांत क्रम बदलला तर दोन वह्यांत दोन शिलका दिसतील. १९९७ च्या 'ई' भाषेतला नियम तिच्याच रचनाकाराच्या घरी असा पुन्हा कामाला लागला.

हा इतिहास सांगण्यात आमचा हेतू काय, असे आपण विचाराल. संगणकाचे अप्रूप सांगणे हा नक्कीच नाही. सर्वांसाठी एक कायदा करणाऱ्यांपुढे नेहमी एक मोह असतो: प्रत्येकाच्या घरातली रांगही आपणच लावावी. २०१५ मध्ये समितीने तसे केले, आणि घरे तो नियम पाळू शकली नाहीत. घरे स्वतंत्र झाली की उलट मोह सुटतो, क्रमही आपणच ठरवू म्हणण्याचा, आणि मग एकच लेख दोन घरी दोन अर्थ सांगतो. पाच वर्षांनी समितीने आपले कलम मागे घेतले, आणि ज्या तीन अटींवाचून वचनाला अर्थ उरत नाही तेवढ्याच हाती ठेवल्या. आपण लिहिलेले कलम खोडून तिथे दुसऱ्यासाठी खुंटी ठोकणे ही गोष्ट सभासमित्यांत फारशी घडत नाही.

उद्या सकाळी आपण मोबाइलवर एखादे पान उघडाल, गाडीची वेळ पाहाल, आणि आकडे क्षणार्धात जागच्या जागी बसतील. त्या क्षणात पुष्कळ वचने दिली गेली असतील, पुरी झाली असतील, रांगेत उभी राहिली असतील, आणि कोणीतरी यजमान हात रिकामा होताच पहिल्याला हाक मारत असेल. ती हाक वेळेवर आणि क्रमाने पडावी म्हणून काही माणसांनी वर्षानुवर्षे कलमांवर वाद घातला.